क्रिकेटमध्ये टेनिस बॉलवर माझी बॅटिंग चालते, पण लेदर बॉलवर सरळ चेंडूला मी सारखा पायचीत होतो. काय चुकतंय?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात टेनिसवर वाढलेल्या बऱ्याच जणांचं हेच होतं. त्या सामन्यांत सहसा पायचीत देतच नाहीत, म्हणून पुढचा पाय आडवा टाकून मिडविकेटला, म्हणजे लेगच्या बाजूला, ओढायची सवय लागते. शिक्षाच नाही, तर सुधारणार कोण! लेदरवर तोच पाय बॅटच्या वाटेत येतो, बॅट वळसा घालून येईपर्यंत चेंडू पॅडवर.

पण मूळ दुखणं पायाचं नाही, डोक्याचं. डोकं ऑफला कललं की पाय मागोमाग जातो, आणि मधल्या यष्टीवरचा चेंडूही लेगला चाललाय असं वाटतं. म्हणून तुम्ही फ्लिक करता, म्हणजे मनगटाने चेंडू लेगला वळवता. तीन यष्ट्या मिळून रुंदी जेमतेम 9 इंच. एवढा भास पुरतो.

थ्रोडाऊन घ्या (कुणाला तरी जवळून हाताने चेंडू टाकायला सांगा), प्रत्येक सरळ चेंडू गोलंदाजाकडेच परत मारा. गार्ड, म्हणजे यष्ट्यांसमोर उभं राहायची जागा, बदलायचं नंतर बघू.