डिशभर जाळे म्हणजे एक वाण नव्हे

प्रश्न : धिंगरी अळिंबीचे बीजाणू कागदावर पाडून अगरच्या (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीच्या) पेट्री डिशमध्ये झटकले. आठवड्यात डिश बुरशीच्या तंतूंच्या पांढऱ्या जाळ्याने भरली, मधे काही ओलसर ठिपके आहेत. यातूनच बियाणे (पिशव्यांत पेरायचे, धान्यावर वाढवलेले जाळे) करू का?

उत्तर : नको. ओलसर, चकचकीत ठिपके जीवाणूंचे आहेत. आणि पांढरे जाळे म्हणजे एक वाण नव्हे, भावंडांची जत्रा आहे. प्रत्येक बीजाणूचे गुण वेगळे. चूक एवढीच, की बीजाणू फार पडले. कागद झटकायचाच नाही. तारेचा लूप स्पिरिटच्या दिव्यावर लाल करा, अगरच्या कडेला टेकवून गार करा, कागदावरच्या बीजाणूंच्या ठशाला जेमतेम स्पर्श करा आणि डिशच्या एका बाजूला नागमोडी रेघा ओढा. लूप पुन्हा तापवून गार करा, पहिल्या रेघांच्या टोकातून दुसऱ्या भागात ओढा, तसेच तिसऱ्यात. तिसऱ्या भागात बीजाणू विरळ पडतात.

२५ अंशांच्या आसपास तीन ते सात दिवसांत बारीक पांढरे तारे दिसू लागतील. ते वाढून एकमेकांना भिडले, की काही पट्टे दोरीसारखे, जोमाने पुढे पळतात, काही कापसासारखे फुगून तिथेच बसतात. दोरीसारख्या पट्ट्याच्या अगदी पुढच्या कडेचा ३-४ मिलिमीटरचा तुकडा सर्जिकल ब्लेडने उचलून नव्या डिशच्या मध्यभागी ठेवा. मधला भाग घेऊ नका, तिथे सगळी सरमिसळ असते. वाढ सगळीकडून सारखी गोल दिसेपर्यंत, साधारण तीन-चार वेळा, हेच करा. हिरवट झाक दिसलेली डिश न उघडता कुकरमध्ये शिजवून मग फेकायची.

डिशमध्ये पळणारा वाण लागवडीच्या पिशवीत उत्पन्न देईलच असे नाही. पाच-सहा वाण वेगळे ठेवून प्रत्येकाच्या काही पिशव्या भरा, मगच निवडा. हातात आधीच चांगली छत्री (वाढलेली अळिंबी) असेल, तर एवढा खटाटोप कशाला? देठ हाताने उभा फाडून आतला तुकडा अगरवर ठेवा, तोच वाण मिळेल.

प्रश्न : एकाच बीजाणूपासून जाळे केले. गव्हावर छान धावले, पण पिशवीत कोंबच येत नाहीत.

उत्तर : येणारही नाहीत. एका बीजाणूच्या जाळ्यात केंद्रके एकाच प्रकारची असतात. छत्रीसाठी दुसऱ्या, जुळणाऱ्या जाळ्याशी मीलन लागते. दोन वेगळ्या बीजाणूंच्या जाळ्यांचे तुकडे एका डिशमध्ये दोन सेंटिमीटरवर ठेवा. धिंगरीत एकाच छत्रीच्या बीजाणूंच्या चार जोड्यांपैकी सरासरी एकच जुळते, म्हणून दहा-बारा जोड्या लावा. भेटीच्या रेषेबाहेरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट मोठा करून पाहा : तंतूच्या आडपडद्यांपाशी कडीसारखे फुगवटे दिसले, तर जोडी जमली.

प्रश्न : अर्धा लिटर अगरचे प्रमाण काय? झाकणावर पाणी का साचते?

उत्तर : सोललेले बटाटे १०० ग्रॅम उकळून गाळा, पाणी अर्धा लिटर करा, डेक्स्ट्रोज १० ग्रॅम, अगर १० ग्रॅम. बाटल्या अर्ध्याच भरा, बूच सैल ठेवा. कुकरची पहिली शिट्टी झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास. पाणी साचते ते गरम ओतल्यामुळे. बाटली हातात सहज धरता येईल इतकी निवली की ओता, डिश एकावर एक रचा आणि अगर घट्ट झाल्यावर उलट्या करून ठेवा. झाकणावरचा थेंब रेघांवर पडला, तर विरळ टाकलेले बीजाणू पुन्हा एकत्र वाहून येतात.