पर्समधल्या ४७ पत्रिका

"ताई, मला सुवार्ता सांगताच येत नाही, मग मी खरी ख्रिस्ती आहे का?" सुवार्ता म्हणजे येशूबद्दलची चांगली बातमी. हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, म्हणून एक केस लिहितेय. तिला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

चाळिशीची बाई, नगरकडची, बँकेत नोकरी. आजी बायबल वूमन, म्हणजे मिशनच्या काळात घरोघरी जाऊन बायकांना वचन वाचून दाखवायच्या ना, त्यातली, त्यामुळे "आजीचं रक्त आहे तुझ्यात" हे ऐकतच ही मोठी झाली. त्यात एका उपासप्रार्थनेत बाहेरून आलेल्या वक्त्याने बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३३वा अध्याय काढला, शेजारी प्रभूला न ओळखता मेला तर त्याच्या रक्ताचा जाब तुम्हाला द्यावा लागेल वगैरे. झालं, हिची झोप उडाली.

दुसऱ्याच दिवशी चर्चमधून ५० पत्रिका घेतल्या, म्हणजे सुवार्तेची छापील पत्रकं, लोकांना वाटायची. माझ्यासमोर पर्स उघडून दाखवल्या, रबर लावलेला गठ्ठा, कोपरे दुमडलेले, मधेच एसटीची तिकिटं घुसलेली. "४७ आहेत, रोज मोजते." आणि तीन? "एसटीत सीटवर ठेवल्या आणि एक स्टॉप आधीच उतरले."

मी पहिल्या दिवशी चूकच केली. म्हटलं चल प्रॅक्टिस करू, मी शेजारीण, तू मला सांग. दोन मिनिटात तिला घाम फुटला. आधीच परीक्षेला घाबरलेल्या पोरीला मी अजून एक पेपर दिला.

पुढच्या वेळी नुसतं बोललो. यहेज्केलात रक्ताचा जाब ज्याला विचारलाय तो पहारेकरी म्हणजे नेमलेला संदेष्टा, ते वचन उचलून बँकेतल्या बाईच्या डोक्यावर आपटायचं नसतं. पण म्हणून हे काम पास्टरांचं, आपण दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला दिला की सुटलो, असंही नाही हं. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये ८ बघा, विश्वासासाठी स्तेफनाला मारल्यानंतर छळ झाला तेव्हा प्रेषित, म्हणजे येशूने नेमलेले शिष्य, यरुशलेमेतच राहिले, पांगले ते साधे विश्वासणारे, आणि वचन सांगत फिरले तेही हेच लोक. म्हणजे बोलावणं तुला आहेच, ते मी काढून घेऊ शकत नाही. फक्त भाषण कोणी मागितलेलं नाही. विहिरीवर येशूशी बोललेल्या शोमरोनी बाईने घागर तिथेच टाकली, गावात जाऊन काय म्हणाली, तर या, बघा, आणि शेवटी "हाच ख्रिस्त असेल का?" म्हणजे तिला स्वतःलाही अजून पक्कं नव्हतं. योहान ९ मधला येशूने बरा केलेला आंधळा तर सरळ सांगतो की बाकी मला माहीत नाही, आधी दिसत नव्हतं, आता दिसतंय.

मग मी रेव्हरंड टिळकांचं, म्हणजे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांचं सांगितलं. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एक गोरा सहप्रवासी भेटला, गप्पा झाल्या, त्याने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, हातात दिला. पुढे १८९५ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मला वाटलं आता हिला धीर येईल, की बघ, गाडीत दिलेलं पुस्तकसुद्धा वाया जात नाही.

ती म्हणाली, "पण ताई, तो बोलला होता. मी तर सीटवर ठेवून पळाले."

बरोबर पकडलं तिने. म्हणून विचारलं, पत्रिका राहू दे, तुला आपणहून कोणी कधी काही विचारलंय का? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, शेजारच्या काकूंनी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ही महिनाभर त्यांना डबा देत होती, तर काकूंनी विचारलं, "तुझा नवरा गेला तेव्हा तू कशी गं उभी राहिलीस?" आणि हिने काय उत्तर दिलं, "त्यात काय, दिवस काढले." अनोळखी माणसांसाठी ४७ पत्रिका रोज मोजणारी बाई, आणि ज्या काकूंनी दारात उभं राहून विचारलं त्यांना टाळलं! येशूचा शिष्य पेत्र बायबलमधल्या पत्रात हेच तर लिहितो, तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. आधी कोणीतरी विचारतं, मग उत्तर. इथे तर विचारून झालं होतं.

तीन आठवड्यांनी आली. काकूंकडे गेली होती, ओट्याशी उभं राहून सांगितलं की तेव्हा रात्री झोप यायची नाही, मी येशूजवळ रडायचे, तोच धरून होता, नाहीतर मी नसते. एवढ्यात दूध उतू गेलं.

"मग काकू काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, रडायला कोणीतरी लागतंच गं. मग ओटा पुसला आणि चहा परत टाकला."

गठ्ठा अजून पर्समधेच आहे म्हणाली, पण मोजायचं बंद झालंय.