सापाची लस घोड्याला टोचतात, माणसाला नाही

राजापूर तालुक्यातल्या एका आशाताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवायच्या फलकाचा मजकूर ठरलाय, 'येथे सर्पदंश प्रतिबंधक लस मिळेल'. यात 'प्रतिबंधक' बरोबर की 'प्रतिबंधात्मक'?

ताई, दोन्ही नकोत. आणि खरं सांगायचं तर 'लस'ही नको.

'प्रतिबंधक'चं आधी उरकून टाकतो. साप चावायचा तो चावून झाला, आता प्रतिबंध कसला? सापाला प्रतिबंध करायचा तर रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी आणि पायात गमबूट पाहिजेत, आणि ते काही आरोग्य केंद्रात मिळत नाहीत.

'लस' मात्र डोक्यात जाते. 'पान लागलं, लस दिली', 'किरडू चावलं, लस नव्हती', पेपरात मथळा 'लशीअभावी मृत्यू'. गणपतीला गावी यायच्या आधी 'सापाची लस मुंबईतच घेऊन येऊ का?' असं विचारणारा चाकरमानी मी स्वतः पाहिला आहे. त्याचा काय दोष? लस आधी घ्यायची असते, हे तो शाळेत शिकलाय. चूक त्याला तो शब्द देणाऱ्यांची.

लशीत मेलेला किंवा दुबळा केलेला रोगजंतू, नाहीतर त्याचा नुसता तुकडा असतो. तो ओळखून आपलं शरीर स्वतः प्रतिपिंडं, म्हणजे त्याच्याशी लढणारी प्रथिनं, बनवतं आणि त्यात दिवस, आठवडे जातात. सड्यावरचं फुरसं चावलं तर एवढा वेळ कोण देणार? तासा-दोन तासांत रक्त गोठेनासं होऊ शकतं. म्हणून दवाखान्यात चावलेल्या माणसाचं रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवून बघतात. ते गोठलं नाही तर विष भिनलंय. अशा वेळी दुसऱ्याच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं आयती द्यावी लागतात. तो दुसरा म्हणजे घोडा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी थोडं, मग जरा जास्त, असं घोड्याला टोचत नेतात. घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की त्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, काढून शुद्ध करतात. थोडक्यात, लस टोचली जाते ती घोड्याला. माणसाला मिळतं ते तिचं फळ.

हा फरक नुसता शब्दांचा असता तर मी एवढा तापलो नसतो. 'लस' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दंडावरची एक टोचणी येते. इथे सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या सलाईनमधून द्याव्या लागतात. नातेवाईक हबकतात, 'एवढ्या लशी कशाला?' म्हणून भांडतात. लहान पोराला 'अर्धीच द्या' म्हणून विनवतात. सापाने पोर बघून अर्धं विष सोडलेलं नसतं, त्यामुळे पोरालाही मोठ्या माणसाइतकाच डोस लागतो. पुन्हा हे घोड्याचं प्रथिन. कुणाला त्याची जबर ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ते घरी फ्रिजमध्ये ठेवून वापरायचं औषध नव्हे. आणि एकदा मिळालं म्हणून पुढच्या वर्षी दुसरा साप चावला तर त्याचा काही उपयोग नाही.

घोटाळा कुत्र्यामुळे झालाय, असा माझा कयास आहे. कुत्रा चावल्यावर लस देतात आणि ती खरोखरची लस असते. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंवरून सावकाश मेंदूकडे जातो, म्हणून चावल्यानंतरही शरीराला प्रतिपिंडं बनवायला सवड मिळते. कुत्र्याला लस, तर सापालाही लस, असा सरळ हिशोब लोकांनी केला. गंमत म्हणजे जखम खोल असेल तर रेबीजमध्येही तयार प्रतिपिंडं जखमेत सोडतात, आणि लोक त्यालाही 'दुसरी लस' म्हणतात! विंचवाचं तर विचारू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तांबड्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कोकणातली किती माणसं वाचवली. ती साधी गोळी आहे. तिलाही 'विंचवाची लस' म्हटलेलं मी ऐकलंय.

आता जे सांगायला मी खरा बसलो आहे ते. 'लस' हा शब्द मुळात टोचण्याचा नाहीच. खरचटलेल्या गुडघ्यातून, फुटलेल्या फोडातून जे चिकट पाणी येतं ती लस. घरात अजून म्हणतात, 'जखमेतून लस येतेय.' चरकसंहितेच्या शारीरस्थानात त्वचेखालच्या, व्रणात दिसणाऱ्या या पाण्याला 'लसीका' म्हटलंय. संस्कृत धातू 'लस्'. धातुपाठात त्याचे अर्थ दिलेत श्लेषण आणि क्रीडन, म्हणजे चिकटणं आणि खेळणं. चिकटण्याच्या अंगाने लस आली, आणि खेळण्या-झळकण्याच्या अंगाने विलास, उल्लास, लास्य. ज्याच्यात हा उल्लास नाही तो अलस, म्हणजे आपला आळशी. लस घ्यायचा आळस करणारा एकाच धातूच्या दोन टोकांत अडकलेला असतो!

मग जखमेतलं पाणी देवीच्या टोचणीपर्यंत कसं पोचलं? माझं मत ठाम आहे: डोळ्यांनी बघून. इंग्रज डॉक्टर जेन्नरने १७९६ साली गाईच्या देवींचा प्रयोग केला, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या ३ वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली. तेव्हा कुप्या नव्हत्या, बर्फ नव्हता. एका मुलाच्या दंडावर फोड आला की तो फोडून त्यातलं पाणी दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचत. इंग्रज डॉक्टर त्या पाण्याला 'लिंफ' म्हणत. समोर बसलेल्या मराठी आईला ते काय दिसलं असेल? लस! शब्द बनवायला समिती बसवावी लागली नाही. पुढे ही लस वासरांच्या अंगावर वाढवू लागले, बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोचं नाव अजून त्याच कामाची साक्ष देतं. पण शब्द टिकला तो दंडावरच्या त्या ओघळाचा. म्हणूनच पोलिओचे थेंब आले तेव्हा बायाबापड्यांनी त्यांना फारसं 'लस' म्हटलं नाही, 'डोस पाजला' म्हटलं. वाहणारी, टोचायची ती लस. पाजायचा तो डोस. भाषेला किती बारीक कळतं बघा.

एक गृहस्थ मला ठासून सांगतात की 'लस' हे 'लिंफ'चंच बोबडं रूप. 'फ'चा 'स' कोणत्या नियमाने झाला, एवढं त्यांनी दाखवावं. आणि चरकाने इंग्रजी कुठे शिकलं तेही.

याहून गोड भाग पुढे आहे. इंग्रजी 'व्हॅक्सिन' लॅटिन गाईवरून आलं. 'सीरम' हा शब्द लॅटिनमध्ये दूध फाटल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्याचा, दह्यावर सुटते त्या निवळीचा. म्हणजे दोन्ही शब्द गोठ्यातले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं नाव 'सीरम' आहे, कारण १९६६ साली तिथली सुरुवात घोड्यांच्या रक्तातल्या सीरमपासून झाली. आज जग तिला लशीसाठी ओळखतं. तिथे सीरमच्या पाटीखाली लस, आणि आपल्याकडे लशीच्या पाटीखाली सीरम!

तुम्ही म्हणाल, रक्तातून निथळलेला द्रव तो सीरम आणि जखमेतून निथळलेलं पाणी ती लस, मग 'सापाची लस' व्युत्पत्तीने बरोबरच झालं की. झालं, मान्य. पण फलक व्युत्पत्तीसाठी नसतो, चावलेल्या माणसासाठी असतो, आणि त्याच्या मनातला आजचा अर्थ दंडावरच्या टोचणीचा आहे.

पर्याय काय, तर परिभाषावाले 'प्रतिविष' आणि 'प्रतिसर्पविष' काढतात. वर्गात ठीक. रात्री दोन वाजता रिक्षातून उतरलेल्या माणसाला 'प्रतिसर्पविष' वाचता येईल का, हा विचार या मंडळींना शिवत नाही. 'प्रतिविष' ऐकून एका आजीने 'म्हणजे अजून एक विष?' विचारलं होतं, आणि तिचं चुकलं कुठे? मराठीत यासाठी मूळचाच सुरेख शब्द आहे, उतारा. विष चढतं, तो उतरवतो. 'यावर उतारा काय?' हे आपण रोज बोलतो. विद्वान नाक मुरडतात, कारण तिठ्यावर नारळ, गुलाल, भात ठेवतात तोही उताराच. 'अंधश्रद्धा पसरेल' म्हणे. उलट मी म्हणतो, मांत्रिकाकडचा शब्द काढून डॉक्टरच्या हातात द्या. लोक त्याच शब्दामागून दवाखान्यात येतील. 'देवी काढणे' म्हणतच या मुलखाने देवीच्या रोगावर टोचून घेतलं, तेव्हा कुठे कोणाची श्रद्धा आडवी आली?

तरी 'उतारा' तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पटणार नाही, हे मला माहीत आहे. मग सरळ लिहा: 'साप चावल्यावरचं औषध इथे मिळतं. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, घट्ट आवळून बांधू नका, जखम कापू नका.' 'सर्व सापांवर' असं मात्र चुकूनही लिहू नका. ते चौघांपुरतंच आहे, आंबोलीच्या चापडा या विषारी सापाला ते लागू पडत नाही. आणि खाली १०८, लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या आकड्यांत.