वाचकांचे प्रश्न : आजोबांच्या गणवेशावरील फिती

प्रश्न : आजोबा दुसऱ्या महायुद्धात लष्करात होते. घरात त्यांना ‘मिसरला (इजिप्तला) गेलेले’ म्हणत. ट्रंकेत त्यांचा गणवेश सापडला. खिशावर चार रंगीत फिती शिवलेल्या आहेत, परंतु पदके नाहीत. या फितींवरून ते कोठे होते हे कळेल काय? फिती विटल्या आहेत, त्या बदलाव्यात काय?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपण पाठविलेल्या छायाचित्रावरून बरेच सांगता येते. पहिली फीत गडद निळा, लाल व फिकट निळा अशा तीन सारख्या पट्ट्यांची आहे. ती ‘१९३९–४५ स्टार’ या ताऱ्याच्या आकाराच्या पदकाची असून तिचे रंग आरमार, भूदल आणि हवाईदलाचे आहेत. दुसरीवर वाळूच्या रंगाच्या पार्श्वभूमीवर मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना निळ्या रंगाच्या दोन छटा दिसतात. हा ‘आफ्रिका स्टार’, आणि वाळूचा रंग वाळवंटाचा. तिसरी लाल, पांढरी, हिरवी, पांढरी, लाल अशी आहे. ते इटलीच्या झेंड्याचे रंग असून ही फीत ‘इटली स्टार’ची आहे. चौथी ‘वॉर मेडल’ची, ती पूर्णवेळ सेवेसाठी होती, परदेशात जाण्याची अट तिला नव्हती.

म्हणजे घरची आठवण खरी असू शकते, पण अपुरी आहे : आजोबा आफ्रिकेनंतर बहुधा इटलीतही गेले होते. आफ्रिकेच्या फितीने मात्र मिसर सिद्ध होत नाही, कारण १० जून १९४० ते २७ नोव्हेंबर १९४१ या काळातील पूर्व आफ्रिकेतील एरिट्रियातील सेवाही तिच्यात धरली जाई. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन १९४१ साली एरिट्रियातील केरेन येथे लढली आणि पुढे इटलीत गेली. याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेथे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. आजोबा त्याच बटालियनमध्ये होते काय, हे फीत सांगणार नाही. डिस्चार्ज बुकातील, म्हणजे सेवामुक्त होताना मिळालेल्या पुस्तिकेतील, आर्मी नंबर शोधा. ते मराठा पलटणीचे निघाले, तर तो नंबर देऊन बेळगावच्या रेकॉर्ड्स कार्यालयाला पत्र लिहा.

पदके नसल्याचे वाईट वाटून घेऊ नका. आफ्रिकेच्या फिती सैनिकांना युद्ध चालू असतानाच मिळाल्या आणि धातूचे तारे युद्ध संपल्यानंतर आले. त्यामुळे निदान आफ्रिकेची फीत तरी आजोबांनी आघाडीवर असतानाच छातीवर लावली असण्याचा पुरेपूर संभव आहे.

म्हणूनच या फिती बदलू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बाजारात नव्या फिती मिळतात, चौकटीसाठी त्या वेगळ्या घ्या. जुन्या उसवू नका आणि धुऊ तर मुळीच नका, कारण लाल रंग पांढऱ्यात उतरतो. गणवेश स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा, डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका.