महिनाभर एकच चिप निवडणारा मुलगा

ताई, नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा कलाभवनात, म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोलर पॅनेलमधून बॅटरीत जाणारा करंट नोंदवणारं, बटण सेलवर चालणारं यंत्र तो करतोय आणि महिनाभर नुसता अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारी चिप, निवडतोय. मित्र कोडिंगच्या क्लासला जातात, मग याचं वर्ष वाया चाललंय का, असं तुम्ही विचारता.

वाया नाही चाललं. पण महिना जास्त झाला, हे खरं.

त्याची अडचण अशी आहे. करंटच्या वाटेत शंट, म्हणजे अगदी कमी रोधाचा रेझिस्टर, बसवून त्यावरचा व्होल्टेज मोजतात. १० मिलिओहमच्या शंटवर १ अँपिअरला जेमतेम १० मिलिव्होल्ट मिळतात. कुठेही मिळणाऱ्या एलएम३५८ या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचाच ऑफसेट, म्हणजे मोजण्यातली अंगभूत चूक, २-३ मिलिव्होल्ट, म्हणजे पाव अँपिअरचा घोळ तिथेच. वर तो अर्धा मिलिअँपिअर खाणार. २२० मिलिअँपिअर-अवरचा सीआर२०३२ सेल अठरा दिवसांत बसेल. एलपीव्ही८२१ हा अगदी कमी खाणारा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर खर्च ६५० नॅनोअँपिअर आणि ऑफसेट फार तर १० मायक्रोव्होल्ट. मग अडतंय कुठे? त्याची बँडविड्थ, म्हणजे किती वेगानं बदलणारा सिग्नल झेपेल ती मर्यादा, ८ किलोहर्ट्झच आहे. सिग्नल १०० पट वाढवला की ती तितक्याच पटीनं घटते आणि हाती ८० हर्ट्झ उरतात. सोलरच्या डीसीला ते पुरतात, पण त्याच सर्किटनं ५० हर्ट्झचा एसी मोजला तर आकडा सुमारे १५ टक्के कमी येईल. (घरच्या लाइनला शंट लावायचा विचारही करू देऊ नका, तिथे सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, वापरतात.) तिसरी वाटही आहे: मिनिटातून एकदाच रीडिंग हवं असेल, तर जास्त खाणारा चांगला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा आणि एरवी त्याची सप्लाय बंद ठेवायची.

हार्डवेअरच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारतात: हाच का घेतला, तो का नाही? त्याला उत्तर एका पानात लिहायला सांगा. तीन चिप, चार आकडे, निर्णय. ज्याला ते जमत नाही त्याचा प्रोजेक्ट कितीही चकचकीत असो, दुसऱ्या प्रश्नाला गाडी अडते. मग लगेच बोर्ड करून चांगल्या मीटरशी ताडून बघायचं.

मकरपुऱ्यात एर्डा ही संस्था आहे, तिथे विद्युत उपकरणांच्या चाचण्या होतात. जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतही, पॅनेल आणि कंट्रोलची कामं आहेत. उन्हाळी इंटर्नशिपसाठी ते पान घेऊनच त्यानं जावं. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मित्रांपेक्षा बहुधा कमी असेल, त्याची तयारी घरानं ठेवावी.

क्लासचं म्हणाल, तर फी भरण्याआधी एम्बेडेड सी, म्हणजे अशा यंत्रांमधल्या चिपसाठीचं प्रोग्रॅमिंग, शिकवतात का ते विचारा. शिकवत असतील तर जरूर घाला. नुसतं जावा असेल, तर यंदा राहू द्या.