लिनक्स जमत नाही म्हणून राजीनामा?

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर. तीन महिन्यांपूर्वी पुण्यात नोकरीला लागला. चारही वर्षं विंडोजवर शिकला आणि कंपनीने हातात उबुंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेला, लॅपटॉप दिला. काम सावकाश होतं म्हणून खचलाय. मी रोज रात्री फोन करून ‘आज जमलं का’ विचारतो. राजीनामा देऊन साठ हजारांचा लिनक्स सर्टिफिकेट कोर्स करू दे, की बँकेच्या परीक्षेला बसवू? त्याच्या टीम लीडशी बोलू का? – एक पालक, सांगली

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. टीम लीडला अजिबात फोन करू नका. कमावत्या मुलाच्या साहेबाशी वडील बोलायला लागले, की ऑफिसात त्या मुलाची काय पत राहील? आणि तो रात्रीचा फोन! दिवसभर एररशी झुंजून आलेल्या पोराला रोज तोंडी परीक्षा द्यावी लागतेय. तो लिनक्समुळे खचलाय की त्या फोनच्या धास्तीने, अशी मला रास्त शंका आहे.

‘चार वर्षांचं शिक्षण वाया गेलं’ असंही तुम्ही लिहिलंय. हा निव्वळ गैरसमज. जावा, पायथन, एसक्यूएल, गिट ही कोड लिहिणाऱ्याची साधनं सगळी तीच आहेत. मोडायची आहे ती हाताची सवय. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, कॉपी करायला कंट्रोल-सी दाबलं की चालू प्रोग्रॅमच बंद पडतो, तिथे कंट्रोल-शिफ्ट-सी लागतं. फाइलच्या नावातलं एखादं अक्षर कॅपिटल की स्मॉल, याचं विंडोजला एरवी सोयरसुतक नसतं. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. मग घरी चाललेला कोड ऑफिसात ‘फाइल सापडत नाही’ म्हणून अडतो. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह जास्तीचं राहतं आणि तेवढ्यावरून ती लिनक्सवर चालायला नकार देते. यात एखादी दुपार सहज जाते, पण पुन्हा तीच चूक होत नाही. यासाठी साठ हजार? रेड हॅट या लिनक्स कंपनीची सर्टिफिकेटं सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या कामाची. तुमचा मुलगा कोड लिहितो. उलट, जगातले बहुतेक वेबसर्व्हर लिनक्सवरच चालतात, तेव्हा हे शिक्षण त्याला पगार घेऊन मिळतंय. घरच्या विंडोज लॅपटॉपवर सराव करायचा तर मायक्रोसॉफ्टनेच २०१६ पासून डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, दिलीय, तीही फुकट. आणि अडलं की अर्ध्या तासाच्या वर एकट्याने डोकं आपटू नये, शेजारच्या टेबलावर विचारावं. नवख्याने विचारलेलं कुणाला खटकत नाही, दोन दिवस गप्प बसलेलं खटकतं.

बँकेचं म्हणाल तर बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली आहे, मनापासून बँकेत जायचं असेल तर जरूर द्यावी. पण तिथेही फिनॅकल हे बँकेचं सॉफ्टवेअर कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही.

एवढ्या लांब पत्रात, नोकरी सोडायची आहे असं मुलगा स्वतः म्हणाल्याचं एकही वाक्य मला सापडलं नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि तुम्ही न वाचता पाठवू द्या.