वाचवायला करच नव्हता, मग पॉलिसी कशाला?

प्रश्न: वाळूजच्या एका पार्ट्स कंपनीत 12 वर्षं ऑपरेटर होतो. पगार 20 हजार. सप्टेंबरअखेर कामगार कपातीत नाव आलं. भरपाई 1 लाख 20 हजार आणि एका महिन्याचा नोटीस पे (आगाऊ नोटिशीऐवजी पगार) मिळाला. यावर कर लागेल का? कर वाचावा म्हणून ओळखीच्या एजंटाकडून वर्षाला 1 लाख हप्त्याची पॉलिसी घेतली आहे. 10 वर्षं भरायचे, 15 वर्षांनी 16 लाख करमुक्त. कागद परवाच आले. घरखर्च 18 हजार. (एक वाचक, बजाजनगर)

उत्तर: कराचं लगेच उरकतो. कपातीत कामगाराला मिळालेली भरपाई सेवेच्या दर पूर्ण वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार या हिशोबाने, कमाल 5 लाखांपर्यंत, करमुक्त असते. तुमची सगळी त्यात बसते. नोटीस पे पगारात धरतात. सहा महिन्यांचा पगार मिळवून तुमचं करपात्र उत्पन्न जेमतेम 1 लाख 40 हजार. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत करच नाही.

मग एजंटाने कोणता कर वाचवला? त्यालाच विचारा. भरपाई आणि नोटीस पे मिळून हातात आलेल्या 1 लाख 40 हजारांत तुमचं घर साडेसात महिने चाललं असतं. हप्ता गेल्यावर उरले दोन. पुढच्या वर्षीचा लाख कुठून आणणार, हे त्याने विचारलं नसणारच, कारण त्याचं मोठं कमिशन पहिल्याच हप्त्यात असतं. आणि ते 16 लाख? परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. पोस्टातली साधी मुदत ठेवसुद्धा जास्त देते, तीही पुढचे हप्ते न मागता.

सुदैवाने कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचं विमा संरक्षण एवढंच कापून बाकी पैसे मिळतात. अर्ज एजंटाकडे नको, तो ‘बघतो’ म्हणत महिना घालवेल. थेट कंपनीच्या शाखेत द्या आणि पोच घ्या. याच आठवड्यात.

आता तुम्ही न विचारलेलं. 12 वर्षं नोकरी, आणि पत्रात ग्रॅच्युइटीचं नावही नाही! भरपाई वेगळी, ग्रॅच्युइटी (इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणारी रक्कम) वेगळी. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15 हजार असेल तरी 15 हजार भागिले 26 गुणिले 15 दिवस गुणिले 12 वर्षं, म्हणजे लाखाच्या वर होते, आणि तीही करमुक्त. कंपनीने ती 30 दिवसांत द्यायची असते. फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाचा, कागद काढून बघा. त्यात नसेल तर लेखी मागा, आणि तरीही मिळाली नाही तर अर्ज कुठे करायचा ते कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात विचारा.